चार सेकंदांचं नाव

ज्या बाईचं नाव आपण कापून टाकलं ती बाई समोरच्या खुर्चीत बसून कागदी पेल्यातून पाणी पिते आहे, हे पूर्णिमाच्या लक्षात यायला काही क्षण लागले. ती लतीफच्या केबिनमध्ये दर बुधवारी शिरते तशीच शिरली होती, हातात आठवड्याच्या कामाची यादी, डोक्यात घरी ओट्यावर राहिलेलं दही. खुर्चीतली बाई पंचाहत्तरीच्या पुढची असावी. पांढरे केस पुरुषांसारखे बारीक कापलेले, पायात कापडी बूट, मांडीवर भाजीला नेतात तसली पिशवी. लतीफ उभा होता. स्वतःच्या केबिनमध्ये लतीफ उभा असलेला तिनं नऊ वर्षांत पाहिला नव्हता. तो मूळचा इथलाच, बहरीनमधल्या मुहर्रकचा, पण आजोबांपासून घरात मुंबईचा व्यापार, त्यामुळे हिंदी सहज बोलायचा. "पूर्णिमा," तो म्हणाला, "ये मॅडम पोर्तुगाल से आई हैं. वो अंगूरवाली पिक्चर याद है ना? इन्होंने लिखी है." मग बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाला, ही आमची एडिटर. बाईंनी पेला खाली ठेवला आणि पूर्णिमाच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी तिच्या हातांकडे पाहिलं.

पिक्चर आठवत होती. सगळ्या आठवत नसत. अदलियातल्या त्या दुमजली व्हिलात खाली रेस्टॉरंट होतं आणि वर त्यांची बारा माणसांची कंपनी. तिथे जगभरातले चित्रपट येत आणि विमानात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दाखवण्याजोगे होऊन जात. विमान कंपनीची यादी ठरलेली असे. दारू नको, उघडं अंग नको, कोसळणारं विमान नको, लांबी इतकी मिनिटं. पूर्णिमा त्याप्रमाणे कापायची, आणि इतकं सफाईनं कापायची की सांधा कुठे आहे हे बघणाऱ्याला कळू नये. हेच आपलं कसब, असं ती मानत आली होती. अंगूरवाली पिक्चर म्हणजे डोंगरावरच्या गावातल्या दोन बहिणींची गोष्ट. सुरुवातीलाच दगडी हौदात बायका द्राक्षं तुडवत असतात, झगे मांड्यांपर्यंत खोचलेले, आणि त्या लाल रबरबाटावर पांढरी अक्षरं उमटतात: लेखन, आणि खाली एक नाव. चार सेकंद. दारू होती, उघड्या मांड्या होत्या. तिनं ते चार सेकंद काढले, मागचं गाणं पुढच्या दृश्याखाली सरकवलं, काम झालं. पुढच्या दृश्यात एक बंद दार होतं आणि दारावर दिग्दर्शकाचं नाव, ते राहिलं. एवढं सगळं तिला तिथे उभ्या उभ्या आठवलं. आणखीही एक गोष्ट आठवली, ती तिनं घाईघाईनं मागे ढकलली.

बाईंचं नाव मार्गारिदा. मुलाकडे सिंगापूरला जाताना विमानात त्यांनी स्वतःचाच चित्रपट लावला होता. शेजारच्या माणसाला सांगायचं म्हणून, की हा मी लिहिलाय. आणि द्राक्षं आलीच नाहीत, नाव आलं नाही, दार आलं. शेजारचा माणूस समजूतदारपणे हसला, म्हातारीला भ्रम झाला असेल म्हणून. तिकडच्या लेखकांच्या संघटनेनं कंपनीला दोन पत्रं पाठवली. लतीफनं दोन्हींना एकच उत्तर दिलं होतं. आता परतीच्या वाटेवर बाई दोन दिवस बहरीनला उतरल्या होत्या. "मैंने मॅडम को बोला," लतीफ पूर्णिमाकडे रोखून बघत म्हणाला, "हमको फाइल ऐसीच मिली थी. नाम था ही नहीं. बराबर ना?" पूर्णिमा म्हणाली, "देखना पड़ेगा." लतीफचे डोळे क्षणभर तिच्यावर थांबले. बाईंना हिंदी कळत नव्हतं, पण 'देखना'चा सूर कळला असावा. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "चला, मग बघू या."

एडिटिंगची खोली लहान, खिडकी नसलेली, यंत्रांसाठी थंड ठेवलेली. पूर्णिमा शाल पांघरून बसायची, कोणीही आलं की पहिल्यांदा ती शाल लपवायची; आज लपवली नाही, बाईंना दिली. पडद्यावर दार उघडलं आणि चित्रपट सुरू झाला. पहिली दहा मिनिटं ती बाईंकडे बघतही नव्हती. शेजारी एक म्हातारं शरीर श्वास घेतं आहे, त्याला साबणाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येतो आहे, एवढंच तिला जाणवत होतं. मग बाईंनी तर्जनी वर केली. काही बोलल्या नाहीत, नुसती तर्जनी, वर्गात मुलगी करते तशी. तिथे एक कट होता: जेवणाच्या टेबलावरची बाटली. पूर्णिमानं मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा तर्जनी. तिथेही कट होता. बाईंच्या हातात कागद नव्हता, डोळ्यांवर चष्माही नव्हता, तो पिशवीतच राहिला होता. त्या बघत नव्हत्याच, ऐकत होत्या. घरातला माणूस घड्याळाची टिकटिक ऐकतो आणि ती थांबली की दचकतो, तसं. एका जागी त्या स्वतःशीच हसल्या. "हा बरा केलात. दिग्दर्शकाला मी तीनदा सांगितलं होतं, हा प्रसंग लांबला आहे." पूर्णिमाला हसू आलं. सुरुवातीचा सोडून सतरा कट होते. सोळा झाले. सतरावा सापडणार नाही याची तिला खात्री होती, कारण तो कट नव्हताच म्हणायचा. अर्ध्या सेकंदाचा, धाकटी बहीण दारूचा ग्लास खाली ठेवते तेवढा. प्रसंग आला. धाकटी म्हणाली, मी जाणार नाही. तर्जनी वर गेली.

"इथे तिनं श्वास घेतला होता," बाई म्हणाल्या. "मी तो लिहिला होता. 'धाकटी श्वास घेते, मग खोटं बोलते.' आता ती खरं बोलते आहे असं वाटतं."

पूर्णिमानं मूळ फाइल उघडली. ग्लास, हात, आणि ग्लास ठेवता ठेवता छातीशी किंचित वर गेलेला कापडाचा काठ. श्वास. तिनं तो किती वेळा पाहिला असेल, कापायच्या आधी चार-पाच वेळा तरी, आणि तो श्वास आहे हे तिला दिसलंच नव्हतं. तिनं तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. मुलगी श्वास घेत होती आणि खोटं बोलत होती, आणि त्या अर्ध्या सेकंदात सगळा पुढचा चित्रपट दडून बसला होता, दोन्ही बहिणींची सगळी आयुष्यं. कोणीतरी कुठल्याशा गावात टेबलाशी बसून हे आधी शब्दांत लिहून ठेवलं होतं. खोली एकाएकी उंच झाल्यासारखी तिला वाटली, देवळात शिरल्यावर वाटते तशी. तिला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं आणि लगेच शरमही वाटली, कारण मूळ फाइल उघडी होती, आणि आता नुसती सुरुवातीपर्यंत मागे गेली असती तरी हौद दिसला असता, आणि हौदावरचं नाव.

बाईंनी ते मागितलं नाही. "चहा मिळेल का?" एवढंच विचारलं.

मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर दोघी करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे पेले घेऊन बसल्या. समोर रेस्टॉरंटच्या डिलिव्हरीच्या गाड्या, भिंतीवर एसीचं पाणी ठिबकून पडलेला हिरवा ओघळ, मार्चचं अजून सुसह्य ऊन. बाईंना चहातली वेलची आवडली. दोघींचंही इंग्रजी मोडकं, वेगवेगळ्या जागी मोडलेलं, त्यामुळे बोलणं सोपं होत होतं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्या पायरीवर कधीतरी पूर्णिमाला बाईंचं बोलणं 'तू' असं ऐकू यायला लागलं. तिनं विचारलं, "पण तुम्ही चित्रपट निर्मात्याला विकला होता ना? सही केली होती ना?" हा प्रश्न तिच्या तोंडून जरा जास्तच धारदार निघाला.

"विकला. त्यानं कोणालाही दाखवावा. त्याचा आहे."

"मग?"

"नाव नाही विकलं. विकता येत नाही."

"तुम्ही विकलं नाही."

"नाही, नाही. ऐक. मला विकायचं असलं तरी विकता येत नाही. आमच्या देशात कायदा तसा आहे. लिहिणाऱ्याचं नाव, आणि लिहिलेल्याची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क, हे विकाऊ नाही. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याकडे मुलाच्या बुटांना पैसे नव्हते. एक माणूस म्हणाला, लिहून दे, नाव माझं लाव, दुप्पट देतो. मी लगेच सही केली. पुढे वकील हसला. म्हणाला, बाई, तुम्ही जे विकलंत ते तुमच्याकडे विकण्यासारखं नव्हतंच. ते अजून तुमचंच आहे."

पूर्णिमानं पेला पायरीवर ठेवला. विकता येत नाही. पैसे घेतले, सही केली, तारीख टाकली, तरी विकलं गेलं नाही. तिला आपल्या वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कोणीतरी सांगत होतं की माणसाजवळ असं काही असू शकतं, जे त्याच्या स्वतःच्या भुकेपासूनही सुरक्षित ठेवलेलं असतं. तिला अंधेरीतलं ते ऑफिस आठवलं, काचेच्या टेबलावर ठेवलेला नऊ पानांचा करार, आणि त्यातलं एक वाक्य, जे तिनं तेव्हा दोनदा वाचलं होतं: सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे. विश्वात म्हणजे, तिनं विचारलं होतं. समोरचा पोरगेलासा माणूस हसून म्हणाला होता, मॅडम, उद्या चंद्रावर टीव्ही लागला तर. मग तीही हसली होती आणि सही केली होती. सहा वर्षं तिनं एका मालिकेचे संवाद लिहिले. नाव सरांचं लागायचं. सर म्हणजे सर. त्यांच्याकडे पाच मुली लिहायच्या, आणि सगळ्यांना ते 'माझे हात' म्हणायचे, मायेनंच म्हणायचे.

बाई बोलत होत्या. सगळं सोन्यासारखं आहे असं समजू नकोस, म्हणत होत्या. नाव राहतं, पैसे राहत नाहीत. त्यांचा एक दिग्दर्शक मित्र होता. बत्तीस देशांत लोक घरी बसून त्याचा चित्रपट बघत होते तेव्हा तो हिवाळ्यात हीटर बंद ठेवून ओव्हरकोटात झोपायचा. त्याला एकदाच पैसे मिळाले होते, सही केली त्या दिवशी. म्हणून मग युरोपातल्या सगळ्या देशांचे लेखक-दिग्दर्शक, तिथले कायदे होतात त्या ब्रसेल्सला जायचे, म्हातारे जास्त, गुडघे धरून पायऱ्या चढायचे, आणि मोठमोठ्या खोल्यांत बसून एकच गोष्ट सांगायचे: किती लोकांनी बघितलं ते आम्हाला सांगा, आणि त्या मानानं द्या. "कायदा झाला. कागदावर छान आहे. पण पोरी अजून सगळं लिहून देतात. नाही दिलं तर काम दुसरीला जातं. मी त्यांना रागवत नाही. मी बुटांसाठी केलं होतं." मग त्या पूर्णिमाकडे वळल्या. डोळे करडे, कडांना पाणावलेले. "फाइल तशीच आली होती का?"

खाली डिलिव्हरीचा माणूस कोणाला तरी फोनवर यल्ला, यल्ला म्हणत घाई करत होता. पूर्णिमाला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी दिसल्या: केबिनमध्ये उभ्या लतीफचा चेहरा, नवऱ्याचं, राजनचं, सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर चाललेलं काम, लेकीचं, अश्विनीचं, बारावीचं वर्ष, आपल्या आयडी कार्डावरचं कंपनीचं नाव. आणि मघाशी मागे ढकललेली ती गोष्ट आता समोर येऊन उभीच राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मी कापलं."

बाईंनी पेला ओठांपासून खाली घेतला.

"आणि मला नाव दिसलं होतं. चुकून नाही झालं. नाव उचलून पुढच्या दारावर ठेवता आलं असतं, वीस मिनिटांचं काम. मी वाचलं ते नाव. मनात आलं, हिचं गेलं तर काय बिघडतं, माझं गेलंच की. आणि मी जेवायला गेले."

सांगून झाल्यावर तिला आपला आवाज कोणा तिऱ्हाइताचा वाटला. बाई रागावतील, उठतील, लतीफकडे जातील, असं तिला वाटलं, आणि तसं झालं असतं तर सोपंच झालं असतं. बाईंनी विचारलं, "तुझं काय गेलं?"

पंधरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, कारण काही गेलं आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. ती सांगायला लागली. एक घर असतं. मुलीला बघायला पाहुणे आलेले. पानं मांडलेली, मुलीची आई स्वयंपाकघरात. तेवढ्यात फोन वाजतो: तिचा भाऊ गेला. ती फोन ठेवते. बाहेर हसण्याचे आवाज. ती काही सांगत नाही, कारण सांगितलं तर पाहुणे उठतील. ती आमटीत मीठ घालते, घातलेलं असतं तरी घालते, आणि पुन्हा एकदा घालते. वाढते. सगळे एक घास घेतात आणि थांबतात. कोणी कोणाकडे बघत नाही. मुलाचे वडील, म्हातारा, वाटी उचलतो, सगळी आमटी पितो, आणि वाटी पुढे करून म्हणतो, वहिनी, अजून थोडी वाढा.

"आणि ती?" बाईंनी विचारलं.

"ती वाढते. एवढंच. मी एवढंच लिहिलं होतं. दाखवताना त्यांनी तिला हंबरडा फोडायला लावला, तीनदा चेहरा जवळ घेतला, वीज कडाडली." ठाण्याच्या घरात सासूबाईंनी तो भाग बघितला आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या होत्या, काय लिहिणाऱ्याचा हात आहे बघ. मग पडद्यावर सरांचं नाव आलं, आणि सासूबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. पूर्णिमा दारात उभी होती. मी सरांना मदत करते, एवढंच घरात सांगितलेलं. त्या वर्षी सरांना संवादांसाठी बक्षीस मिळालं. तिनं अभिनंदनाचा मेसेज पाठवला. उत्तरात जोडलेले दोन हात आले.

बाई भिंतीवरच्या हिरव्या ओघळाकडे बघत म्हणाल्या, "तो म्हातारा. त्याला माहीत आहे का, काय झालंय ते? की नुसता सभ्य आहे?"

हा प्रश्न. सरांनी विचारला नव्हता, मालिकेच्या दिग्दर्शकानं नाही, ज्या नटानं तो म्हातारा केला त्यानं नाही. आणि उत्तर पूर्णिमाकडे होतं, इतकी वर्षं, जागच्या जागी, जणू त्या माणसाला ती रोज भेटत होती. "काय झालंय ते त्याला माहीत नाही," ती सावकाश म्हणाली. "काहीतरी झालंय एवढं कळतं. आणि तो विचारत नाही. विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं."

"हां," बाई म्हणाल्या. त्या एका अक्षरात त्यांनी तिला आपल्यात घेतलं. निदान पूर्णिमाला तसं वाटलं. आणि मग पायरीवरून उठताना बाईंनी आधारासाठी तिचा हात मागितला, तेव्हा तो देताना तिला वाटलं की आपला हात पहिल्यांदाच स्वतःच्या वजनाचा झाला आहे.

दुपारी त्यांनी नाव परत ठेवलं. मूळ जागी ठेवता येत नव्हतं, द्राक्षं येऊ शकत नव्हती. बाईंनी सगळी सुरुवात दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, दारावर नको, तिथे दिग्दर्शक आहे, त्याची गर्दी नको. त्या आधी भिंत आहे, चुन्याची. भिंतीवर ठेव. किती वेळ, पूर्णिमानं विचारलं. "तू वाचून बघ." पूर्णिमानं मोठ्यानं वाचलं. आडनाव चुकलं, बाईंनी ते दोनदा सांगितलं, मऊ, नाकातून येणारं. ती पुन्हा म्हणाली. चार सेकंद. पांढऱ्या भिंतीवर काळी अक्षरं आली, थांबली, गेली. श्वासही तिनं परत ठेवला. ग्लास जेमतेम दिसेल एवढा कडेला ढकलून, वरचं चित्र थोडं मोठं करून. अर्ध्या सेकंदासाठी अडीच तास लागले. इतक्या वर्षांत तिनं या हातांनी काही परत ठेवलं नव्हतं. परत ठेवण्याला कापण्यापेक्षा अधिक कसब लागतं, हे तिला कळत गेलं आणि कळता कळता ती थकवा विसरली.

लतीफ दारात येऊन उभा होता. कधीपासून ते कोणालाच कळलं नाही. बाई हॉटेलवर गेल्यावर त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही. "मैंने बोला था फाइल ऐसी मिली. दो बार लिखके दिया है. अब मैं झूठा?" पूर्णिमा म्हणाली, "मैं लिखके देती हूँ. मैंने काटा, मैंने नाम वापस नहीं रखा. आपको मालूम नहीं था." ते खरंच होतं, त्याला माहीत नव्हतं, त्यानं माहीत करून घेतलं नव्हतं. "एअरलाइन पूछेगी, और कितनी पिक्चरों में ऐसा किया?" पूर्णिमाकडे याचं उत्तर होतं आणि तेही तिनं दिलं: नऊ वर्षांत किती केलं याची मोजदादच नाही. लतीफनं कपाळ चोळलं. "बारा लोगों का वीज़ा है मेरे पास," तो म्हणाला, रागानं नाही, तिला समजावं म्हणून. मग तिनं लिहून दिलेलं पत्र त्यानं दोनदा वाचलं, खाली सही केली, शिक्का मारला. निघताना तिनं विचारलं, जूनमध्ये माझा करार संपतो, पुढे? "इंशाल्ला," तो म्हणाला. नऊ वर्षांत ती त्याचे सगळे इंशाल्ला ओळखायला शिकली होती. हा नकाराचा होता.

बुसैतीनच्या घरी संध्याकाळी राजननं सगळं ऐकून घेतलं. तो कंत्राटदाराच्या ऑफिसात हिशेब बघायचा, सगळ्याच्या दोन बाजू मांडायची सवय. "चार सेकंद गं," तो म्हणाला. "चार सेकंदांसाठी नोकरी? म्हातारी परवा जाणार, तुला काय मिळणार?" तिला त्याचा राग आला नाही. तीही कालपर्यंत हेच म्हणाली असती. तिनं सांगितलं, "तिचं नाव तिलासुद्धा विकता येत नाही, राजन." तो तिच्याकडे बघत राहिला, तिला ताप आहे की काय अशा नजरेनं. मग थोड्या वेळानं म्हणाला, "आणि ती मालिका? ते मिठाचं? ते तू लिहिलं होतंस?" "हो." "सगळं?" "वीज सोडून सगळं." राजननं तिच्या ताटात भात वाढला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि तिला वाटलं, याला मी आज प्रथम दिसते आहे आणि याला काय करावं ते सुचत नाहीये.

शुक्रवारी दुपारी सुट्टी होती, तिनं बाईंना हॉटेलवरून घेतलं आणि मुहर्रकला विमानतळाकडे निघाली. पुलावर दोन्ही बाजूंनी समुद्र, उथळ, दुधाळ हिरवा, क्षितिजाशी आकाशात विरघळलेला. रोज येता-जाता बघायची तोच, पण आज त्याला कड नव्हती. बाईंनी काच खाली केली आणि वारा तोंडावर घेत बसल्या. एअरलाइननं नवी प्रत घेतली होती, पहाटे मेल आला होता. पुढच्या महिन्यापासून तीच दाखवणार होते. बाईंनी त्यावर फक्त मान डोलावली. जिंकल्यासारख्या त्या दिसत नव्हत्या. जे कधी दुसऱ्या कुणाचं नव्हतंच ते त्यांना परत मिळालं होतं, त्यात जिंकायचं काय, असं काहीसं.

प्रवाशांना सोडायच्या जागी गाडी थांबली. बाई उतरल्या नाहीत. पिशवीत हात घालून त्यांनी एक वही काढली, न उघडता मांडीवर ठेवली.

"एक मागायचं आहे," त्या म्हणाल्या. "मी नवीन लिहिते आहे. कदाचित शेवटचं. त्यात एक टेबल आहे, लोक जेवतायत, आणि मला तीन वर्षं कळत नव्हतं की तिथे कोण कमी आहे. परवा पायरीवर कळलं. तो म्हातारा. सूप पिणारा. तो मला देशील? नाव तुझं लागेल, माझ्या बरोबरीनं. पैसे जे येतील त्यात तुझा भाग. सगळं कागदावर. पण आधी विचारते आहे. तू दिलास तरच."

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. पूर्णिमा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. संपूर्ण विश्वात, कायमचं दिलेलं जे होतं, ते कोणीतरी तिच्याकडे मागत होतं. असा माणूस, ज्याचा अर्धा सेकंदही तिला चोरता आला नव्हता, तो तिच्या दारात उभा राहून विचारत होता. पोर्तुगालमधलं एक टेबल, त्यावर तिचा म्हातारा, पडद्यावर तिचं नाव. आणि जून महिना, आणि घरभाडं. हो म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि तेव्हा तिला तो दिसला, त्या टेबलाशी नाही, दुसरीकडेच कुठेतरी, बाकीचे पाहुणे पुढे गेल्यावर चपला शोधत दाराशी वाकलेला, बोलायचं राहून गेलेलं काहीतरी तोंडात घेऊन. त्याचं पुढे काय झालं ते तिनं अजून लिहिलं नव्हतं. ते दुसऱ्या कोणाला माहीत असणं शक्यच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

शब्द बाहेर आल्यावर तिलाच धक्का बसला. इतका लहान, इतका हलका शब्द. आपल्याला तो म्हणता येतो, हे तिला माहीत नव्हतं. "नाही," ती पुन्हा म्हणाली, आता नीट, बाईंकडे बघून. "माफ करा. तो मला हवा आहे."

मार्गारिदाबाईंचा सगळा सुरकुतलेला चेहरा उजळत गेला, कानांपर्यंत. त्यांनी वही पिशवीत टाकली, पूर्णिमाचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "छान. मीही दिला नसता." आणि मागच्या हॉर्नकडे अजिबात लक्ष न देता, सावकाश, आधी एक पाय, मग दुसरा, अशा त्या गाडीतून उतरल्या.